पलीकडचं अर्धं

माझ्या घरमालकिणीने, म्हणजे काकींनी, डहाणू रोडच्या एका डॉक्टरांना त्यांच्याच खुर्चीतून उठवलं होतं. मी सोबत होतो, म्हणून शपथेवर सांगू शकतो. डॉक्टर गुडघ्यांचा एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर बघत होते आणि तोंडाने काकींना समजावत होते. काकींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग उठल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा डॉक्टर. तुमच्या बाजूनं बगू दे."

डॉक्टर इतके गोंधळले की खरोखरच उठले. काकी त्यांच्या खुर्चीत बसल्या. आपल्या गुडघ्यांचा फोटो नीट न्याहाळला, मग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, जिथे मघाशी त्या स्वतः बसल्या होत्या. "हां," त्या म्हणाल्या, "इथनं बराबर वाटतं तुमचं म्हणणं. करा ऑपरेशन."

डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. दोन्ही गुडघे बदलायचे, आणि त्यानंतर खाडीच्या चिखलात पाय ठेवायचा नाही. कधीच नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. परत येताना रिक्षात काकी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "दिवाळीला किती महिने हायत?"

मी बोटांवर मोजले आणि पाच म्हणालो.

"पुरे," त्या म्हणाल्या. कशाला पुरे, ते मी विचारलं नाही. त्या घरात आठ दिवस राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असायचं.

मी मूळचा विक्रमगडकडचा, डोंगरातला. समुद्र मी पहिल्यांदा नोकरी लागल्यावर पाहिला. इंटरनेटच्या एका खाजगी कंपनीत लाइनमन होतो. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके माझ्याकडे. खांबावर चढायचं, फायबरची वायर ओढायची, तुटली की जोडायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. धाकटी डहाणूला काकींच्या घराच्या माळ्यावर मला खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी अंघोळ करून खाली आलो आणि ओला टॉवेल ओटीवरच्या एका काठीवर टाकला. भिंतीला दोन काठ्या आडव्या अडकवलेल्या होत्या, एक लांब, एक आखूड, आणि मध्ये घडी घातलेलं जाळं. मला वाटलं, टॉवेल वाळत घालायला चांगली सोय आहे.

काकी आतून आल्या. ओरडल्या नाहीत. टॉवेल दोन बोटांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. "त्याला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "झाईवाली येऊन दुसरं टोक धरेल, त्या दिवशी ते खाली उतरेल. तोवर तिथंच."

झाईवाली म्हणजे त्यांची धाकटी बहीण. झाई तलासरी तालुक्यातलं, अगदी गुजरातच्या हद्दीला टेकलेलं किनाऱ्यावरचं गाव; तिथे ती लग्न होऊन गेली होती. लग्नानंतरही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती माहेरी यायची, आणि दोघी बहिणी खाडीत ते जाळं ओढायच्या. हे जाळं एकट्याने ओढता येत नाही. एकीने आखूड काठी धरून किनाऱ्याच्या बाजूला राहायचं, दुसरीने लांब काठी घेऊन छातीभर पाण्यात वळसा घालायचा, आणि मग दोघींनी बरोबरीने ओढत ते बाहेर आणायचं. काकी बुटक्या, म्हणून किनारा त्यांचा. बहीण उंच, म्हणून खोल पाणी तिचं. वीस वर्षं असं चाललं. मग एके दिवशी जाळ्यात बोय माशांचा मोठा थवा शिरलेला असताना बहिणीने टोक सोडलं आणि सगळी मासळी डोळ्यांदेखत निघून गेली.

"पायाखाली खड्डा आला," असं बहीण म्हणाली.

"खड्डा-बिड्डा काय नव्हता," असं काकी म्हणाल्या. "मी पन त्याच खाडीत व्हते."

एवढंच भांडण. त्याला अकरा वर्षं झाली होती. मासे गेल्याचं दुःख कधीच विरून गेलं होतं. एक खोटं बोलली आणि दुसरीने तिला खोटारडी म्हटलं, हे मात्र दोन्ही घरांत जसंच्या तसं शिल्लक होतं. खड्डा कबूल केल्याशिवाय झाईवाली यायची नाही, आणि माफी मागितल्याशिवाय काकी बोलवायच्या नाहीत. आता त्यात डॉक्टरांनी दिवाळीची मुदत घातली होती.

मला याचं नवल वाटायचं ते वेगळ्याच कारणाने. जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या बाजूला जाऊन बघायची या बाईला खोड होती. बाजारात मासे विकायला बसायच्या तेव्हा टोपली मांडून झाली की उठून समोर, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. "तिकडनं पापलेट कसं दिसतं, ते बगाया नको?" म्हणायच्या, आणि परत येऊन दोन मासे फिरवून ठेवायच्या. एकदा बँकेत पासबुक भरायला गेल्या, रांगेत तासभर उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर कारकुनाला म्हणाल्या की मला एकदा आत येऊन रांगेकडे बघू द्या. शिपायाने त्यांना खरंच आत नेलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तिकडनं आपन लय वाईट दिसतो रे. म्हनून तो बिचारा वर बगत नाय." महिन्यातून एकदा त्या माझ्या खोलीत यायच्या, माझ्या खुर्चीवर बसून खिडकीतून खाली आपल्याच अंगणाकडे बघायच्या. "वरनं माजं घर गबाळं दिसतं," असं म्हणून दुसऱ्या दिवशी अंगण झाडून काढायच्या. मला नुसतं "खिडकी पूस" एवढंच सांगायच्या.

आणि अशा बाईने अकरा वर्षांत झाईच्या बाजूने एकदाही बघितलेलं नव्हतं.

काकींचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. तो भांडणात कुणाच्याच बाजूने नव्हता. एका सुट्टीत त्याने टीव्हीवर खेळायचे दोन गेम-डबे आणले. एक आईला दिला, दुसरा झाईला मावशीच्या घरी. गुडघ्यांपायी आईचा बाजार बंद होत चालला होता, तिचा वेळ जावा असा त्याचा हेतू. काकींनी डब्यावर विणलेला रुमाल घातला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. मी राहायला आल्यावर पाच महिन्यांनी मला कळलं की फुलदाणीखाली काय आहे. परवानगी घेऊन मी तो सुरू केला आणि तलासरीला राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याबरोबर दोघांनी मिळून खेळायचा एक खेळ घेतला.

खेळ असा होता की बर्फाच्या डोंगरातून एक हट्टी खेचर घरी न्यायचं. लाल टोपीवाला आणि निळ्या टोपीवाला असे दोघे, आणि मध्ये खेचर. माझा सहकारी त्याच्या घरी, मी माझ्या. दोघांकडे आपापला टीव्ही. तरीही पडदा मधोमध कापलेला. डाव्या अर्ध्यात मी, उजव्या अर्ध्यात तो जे बघतोय ते. एका सोफ्यावर शेजारी बसून खेळणाऱ्यांना एकच टीव्ही असतो, त्यांना असं लागतं हे मला माहीत होतं. पण वीस किलोमीटरवर बसलेल्या माणसाचं अर्धं माझ्या टीव्हीवर कशाला? मी सेटिंगमध्ये ते बंद करायचं बटण शोधायला लागलो. अख्खी दुपार शोधलं. ते बटण नव्हतंच. खेळ बनवणाऱ्यांनी सक्तीच केली होती.

काकी खाली बसून जवळा निवडत होत्या. "काय शोधतोस मगापासनं?"

"हे पलीकडचं अर्धं घालवायचंय."

"का?"

"मला माझंच नीट मोठं दिसायला पाहिजे."

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला मासा उचलला होता. "मग एकटाच खेळ ना," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून टीव्हीसमोर येऊन बसल्या. पंधरा मिनिटं त्या माझ्या अर्ध्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. सगळं लक्ष उजवीकडे. "तुजा मित्र बर्फात रुतलाय," एकदम म्हणाल्या. "तू पुडं काय पळतोस?" मी बघितलं तर सहकारी खरंच कमरेपर्यंत रुतला होता आणि मला पत्ता नव्हता. कानाला लावलेल्या हेडफोनमधून तो केव्हाचा हाका मारत होता, पण मी माझ्या पराक्रमात दंग होतो.

आठवड्याभरात खेळाचा रिमोट माझ्या हातातून काकींच्या हातात गेला. कोळणीची बोटं ती. गाठी मारायची, काटे काढायची सवय. बटणं दोन दिवसांत त्यांच्या ओळखीची झाली. हेडफोन मात्र त्यांनी लावला नाही. "जाळ्यात शिरल्यावर बोलायचं नसतं," म्हणाल्या. "मासा ऐकतो. एकमेकांकडं बगायचं आनि ओढायचं." सहकारी हेडफोनवर बोलत राहायचा, काकी त्याच्या अर्ध्याकडे बघत राहायच्या, आणि मी निरोप्या.

मी त्यांना दुसरा एक खेळ दाखवला. त्यात प्रत्येकाला पूर्ण पडदा, पण जोडीदार काय बघतोय ते दिसत नाही, सगळं विचारून विचारून करायचं. काकींनी तो दहा मिनिटं सहन केला. "कुठं हायस, आलो आलो, कुठं हायस. हे तर फोनवर पन होतं," म्हणाल्या. "तो खेचरवाला लाव. तो ज्यानं बनवला, त्याची आई शानी असणार." त्या दिवसापासून त्यांनी मला नवीन आज्ञा दिली. भाजी जळली, वायर तुटली, कुणी भांडलं, काहीही झालं की एकच वाक्य: "पलीकडचं अर्धं बग." साहेबांनी मला झापलं तेव्हासुद्धा. मी चिडून म्हणालो की साहेबाचं अर्धं काय बघायचं. त्या म्हणाल्या, "त्याचा साहेब पन त्याला झापत असेल ना?" आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तसंच झालं होतं.

पावसाळ्यात खांब पडायला लागले आणि आम्हा दोघांना श्वास घ्यायला वेळ मिळेना. सहकाऱ्याने खेळायचं सोडलं. काकी रोज तिसऱ्या प्रहरी रिमोट हातात घेऊन बसायच्या आणि समोर कुणी नसायचं. त्याच सुमारास झाईहून तक्रार आली म्हणून मी तिथे गेलो. घरच्या सुनेने दार उघडलं. टीव्हीखाली तसाच डबा, त्यावर तसाच विणलेला रुमाल. मागच्या दारात एक उंच, हडकुळी बाई जाळं दुरुस्त करत बसली होती.

"कुठनं आलास?"

"धाकटी डहाणूहून. तिथेच राहतो." आणि कुणाकडे ते सांगून टाकलं.

तिने दाताने दोरा तोडला. मी निघताना सुक्या कोळंबीची पुडी हातात ठेवली. "घरमालकिणीला द्यायची नाय," ती म्हणाली. "तू खा."

मी अर्थातच काकींना दिली. त्यांनी वास घेतला, एक तोंडात टाकली. "अजून मीठ जास्तच घालते," म्हणाल्या, आणि पुडी संपेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.

मग मी एक आगाऊपणा केला. झाईच्या त्या सुनेला विचारून तिला खेळात काकींशी जोडून दिलं. काकींना एवढंच सांगितलं की माझ्या ओळखीची एक बाई आहे, एका घरातली सून, दुपारी मोकळी असते. दोन दिवस सून खेळली, सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो होतो. उजव्या अर्ध्यात लाल टोपीवाला खेचराचा दोर धरत होता. दोन छोटे झटके, मग थांबला, मग एक लांब ओढ. पुन्हा दोन झटके, थांब, ओढ.

काकींचा हात थांबला. "ही सून नाय," त्या म्हणाल्या.

"सूनच आहे, काकी."

"सून आत चहा करत असेल. हे हात मला ठावकी हायत. दोन झटके, थांब, मग ओढ. असं ओढणारी दुनियेत एकच हाय."

मी माळ्यावर जाऊन गुपचूप सुनेला फोन लावला. "तुम्ही खेळताय ना?" ती म्हणाली, "नाही हो, मी चहा ठेवलाय. सासूबाईंनी रिमोट घेतला हातातून."

आता रिमोट भिंतीवर आपटणार, असं मला वाटलं. मी खाली आलो तर काकी पदराला तळवे पुसत होत्या. मग त्यांनी रिमोट नीट धरला आणि खेचर पुढे न्यायला लागल्या.

"काकी, तुमचं तर बोलणं बंद आहे."

"बोलणं बंद हाय," त्या म्हणाल्या. "खेळायला काय झालं?"

पुढचे दोन महिने दोघी बहिणी रोज तिसऱ्या प्रहरी त्या बर्फात भेटत होत्या, आणि समोर कोण आहे हे दोघींनाही ठाऊक नसल्याचा आव होता. काकी म्हणायच्या, "तुज्या ओळखीची ती बाई बरी खेळते." तिकडे झाईवाली सुनेला म्हणायची, "समोरची म्हातारी जरा घाई करते." एकदा मी बोर्डीच्या पुढे खांबावर चढलेलो असताना काकींचा फोन. "झाईची लाइन गेली हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उजवं अर्धं थिजलंय. खेचर पुलावर उभं हाय मगापासनं, थंडीत. लवकर जा." मी गेलो. खरोखर वायर तुटलेली होती, कंपनीकडे तक्रार यायच्या आधी मी पोचलो होतो. त्या महिन्यात साहेबांनी माझं कौतुक केलं, त्याचं श्रेय एका खेचराला जातं.

अडलं ते नदीवर. खेळात पुढे एक नदी लागते. खेचराला तराफ्यावर उभं करायचं, दोघांनी दोन काठांवरून दोर धरायचे आणि बरोबरीने ओढत तराफा प्रवाहाच्या उलट वर न्यायचा. एकाने जास्त ओढलं की तराफा कलतो आणि खेचर पाण्यात. पहिल्या दिवशी खेचर नऊ वेळा पडलं. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. तीन आठवडे तेच. नवरात्र आलं आणि गेलं, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचा निरोप आला, आणि खेचर नदीतच.

काकी आता खेळताना बडबडायला लागल्या होत्या. "ढिली सोडते. मधेच ढिली सोडते. तवा पन असंच केलं तिनं." प्रत्येक वेळी तराफा निम्म्यावर आला की पलीकडचा दोर सैल पडायचा. एका दुपारी खेचर पडलं तेव्हा काकींनी रिमोट मांडीवर टाकला आणि भिंतीवरच्या जाळ्याकडे बघितलं. "नाय व्हायचं," त्या म्हणाल्या. "माजे गुडघे बदलतील, पन ती नाय बदलणार." त्यांचा आवाज बारीक झाला होता. या बाईला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि बघायची इच्छाही नव्हती.

मला भीती वाटत होती, तरी बोललो. "काकी, तुम्ही पलीकडे बघत नाही."

"काय?"

"तीन आठवडे मी बघतोय. माझ्या सहकाऱ्याबरोबर खेळताना तुमचं सगळं लक्ष उजवीकडे असायचं. हिच्याबरोबर खेळताना तुम्ही मधली रेघ ओलांडत नाही. फक्त आपल्याच अर्ध्यात बघता."

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत माझं सामान अंगणात असेल. पण त्यांनी रिमोट उचलला. तराफा पुन्हा निघाला. या वेळी त्यांची मान जराशी उजवीकडे वळलेली होती.

निम्म्यावर आल्यावर उजव्या अर्ध्यात वरून मोठमोठे ओंडके वाहत आले. काकींच्या काठाला पाणी संथ होतं, तिथे काहीच येत नव्हतं. बहिणीच्या काठाला मात्र एकामागून एक ओंडका दोरावर आदळत होता. लाल टोपीवाला गुडघ्यावर आला, तरी दोर धरून. दुसरा ओंडका आला, तो आडवा झाला. तिसऱ्याला दोर सुटला. तराफा कलला, खेचर पडलं.

"ह्ये रोज येतात?" काकींनी विचारलं.

"रोज. प्रत्येक वेळी."

"माज्या बाजूला नाय येत."

"नाही. तुमची बाजू उथळ आहे."

काकी पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे खेचर पुन्हा तराफ्यावर उभं होऊन वाट बघत होतं. "मी किनाऱ्याला असायचे," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, ते कळलं नाही. "वीस वरसं. खोलातला तळ कसा असतो, मी कधी पायानं बगितलाच नाय."

मग त्यांनी खेळ सुरू केला. डावीकडे त्यांची बोटं चालत होती आणि डोळे पूर्ण वेळ उजवीकडे. पहिला ओंडका दिसला तसा त्यांनी आपला दोर सैल सोडला आणि थांबल्या. बहिणीने तो ओंडका जाऊ दिला. दोन झटके, थांब. काकीही थांबल्या. मग दोघींची एकदम लांब ओढ. दुसरा ओंडका, पुन्हा सैल. असं करत करत, एकही शब्द न बोलता, एकमेकींपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी ते खेचर नदीपार नेलं.

उजव्या अर्ध्यात लाल टोपीवाला उड्या मारायला लागला. जागच्या जागी, पुन्हा पुन्हा. खेळात त्याला काही अर्थ नव्हता. पलीकडे कुणीतरी उडीचं बटण दाबत बसलं होतं. काकींनीही बटण शोधून काढलं. डाव्या अर्ध्यात निळी टोपी उडायला लागली. पाच मिनिटं दोघी उड्या मारत होत्या आणि मध्ये खेचर उभं. मी माझ्या आयुष्यात बरेच विजय टीव्हीवर पाहिले आहेत, क्रिकेटचे धरून. इतका आनंद मला कशानेच झालेला नाही.

काकींनी रिमोट ठेवला आणि डोळे पुसले. "वायरवाल्या," त्या म्हणाल्या, "जाळं उतरव."

"झाईला फोन करू?"

"फोन कशाला? बोलणं बंद हाय." त्यांनी जाळ्यातून एक काठी सोडवून माझ्या हातात दिली. आखूड काठी, त्यांची स्वतःची. "ही दिऊन ये तिला. काय बोलू नको."

मी मोटरसायकलवर ती काठी आडवी बांधून झाईला गेलो. उंच बाई दारातच होती. तिने काठी हातात घेतली, दोन्ही टोकं बघितली. "चुकली हाय," ती म्हणाली. "माजी लांब. ही तिची, किनाऱ्याची."

"त्यांनी हीच दिलीय."

तिने काठीवर हात फिरवला. "म्हंजे खोलात ती जाणार?" आणि मग जराशा रागाने, "तिच्या गुडघ्यांचं काय? डॉक्टरनं काय सांगितलंय?" सुनेने मागून माझ्याकडे बघून हसू दाबलं. झाईवालीला काकींच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा पाठ होती.

दिवाळीच्या अमावास्येला आठवडा होता, पण दोघींनी उधाणाची वाट पाहिली नाही. दुपारी ओहोटी लागायच्या वेळी झाईवाली रिक्षातून उतरली, हातात काठी. काकी लांब काठी घेऊन खाडीवर उभ्याच होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि जाळं उलगडायला लागल्या. कुणी काही बोललं नाही. बघायला चार-पाच लोक जमले. मी काकींच्या मागे चार हातांवर पाण्यात उतरलो, कारण डॉक्टरांना उत्तर मलाच द्यायचं होतं.

काकींच्या छातीपर्यंत पाणी आलं, मग खांद्यापर्यंत. बुटकी बाई ती, पण लांब काठी घट्ट धरून वळसा घेत होती. जाळ्यात काहीतरी चमकायला लागलं. बोय होत्या. किनाऱ्यावरून दोन झटके आले, मग थांब. आणि तेवढ्यात काकी एकदम गळ्याएवढ्या पाण्यात खाली गेल्या. मी झेप घेतली, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं. काठी सोडली नव्हती.

"खड्डा हाय गं इथं," त्या ओरडल्या.

अकरा वर्षांतले पहिले शब्द. किनाऱ्यावर झाईवाली काठी धरून उभी राहिली, क्षणभर तिला ओढायचंच सुचेना. मग तिचा आवाज आला, जरा फाटलेला. "मी तवापासनं सांगतेय."

"हां," काकी म्हणाल्या. "सांगत व्हतीस." आणि मग, "ओढ आता. मी धरलंय."

जाळं काठाला आलं तेव्हा त्यात इतक्या बोय होत्या की टोपली कमी पडली. दोघी चिखलात फतकल मारून मासे वेचायला बसल्या, आणि आता त्यांची तोंडं थांबत नव्हती. मीठ किती घालायचं इथपासून सुरुवात झाली होती. आज काकींचे दोन्ही गुडघे नवे आहेत, चिखल त्यांना बंद आहे, आणि खेचराचे अजून दोन डोंगर बाकी आहेत. पण मी सांगत होतो ते त्या दुपारचं.

जाळ्याचा एक तरंगता फ्लोट सुटून पाण्यात राहिला होता. तो आणायला मी परत आत गेलो. काकी जिथे बुडाल्या ती जागा माझ्या नजरेत होती. बाजूला एक खुंटा होता. तिथे पोचल्यावर मी पाय जपून टाकला. मग दुसरा टाकला. मग चारी बाजूंना पायाने चाचपून पाहिलं. तळ आमच्या ओटीसारखा सपाट होता.

मी फ्लोट घेऊन काठावर आलो. झाईवाली मान खाली घालून मासे वेचत होती. मी काकींकडे पाहिलं. "काकी, तिथे तर..."

"वायरवाल्या," काकी म्हणाल्या, "तू तुजं अर्धं बग."